पालथी टोपली

बालमित्रांनो, एका जंगलातली एक तरुण खार शिकण्यासाठी सात डोंगर ओलांडून दूर गेली होती. पाच वर्षांनी ती घरी यायला निघाली, तेव्हा वाटभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. ओढ्याकाठी उंबराखाली आत्याचं फळांचं दुकान असेल, सातही टोपल्या शिगोशीग भरलेल्या असतील, गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली असेल. उंबराखाली पोचली आणि पाहते तर काय, सातांपैकी दोनच टोपल्या सरळ होत्या. एकीत आवळे, दुसरीत पेरू. बाकीच्या पाच टोपल्या ओळीने पालथ्या घातलेल्या, आणि त्यांतल्या एकीवर आत्या ऊन खात बसलेली.

“आत्या, दुकान बंद पडलं की काय?” खारीने घाबरून विचारलं.

“बंद कशाला पडेल? आत्ताच सशीण पेरू घेऊन गेली. ये, बस आधी. किती वाळलीस गं! तिकडे खायला घालत नव्हते का?”

“मग या टोपल्या अशा का?”

“ही बोरांची, ही चिंचांची, ही कवठांची. त्या कडेच्या दोन करवंदांची आणि जांभळांची. ज्या फळाची वेळ झाली नाही, त्याची टोपली पालथी. तुझ्या आजोबांच्या वेळची पद्धत आहे. येणाऱ्याला लांबूनच दिसतं, विचारायलाही लागत नाही.”

खारीला हे मुळीच पटलं नाही. ती जिथे शिकली, त्या मोठ्या बागेत बाराही महिने सगळी फळं मिळत. अर्थात ती कशी मिळत, तेही तिने पाहिलं होतं. झाडांवर औषधाचे फवारे मारत, कच्ची फळं कसल्याशा पुडीत घालून पिकवत. ते पाहून तिचा जीव तुटायचा. आपण आपल्या जंगलात परत जायचं आणि औषधाचा थेंबही न लागलेली फळं सगळ्यांना द्यायची, असं तिने तिथेच मनाशी ठरवलं होतं. पण त्या बागेतली एक गोष्ट तिला फार आवडली होती. तिथून कुणीही रिकाम्या हाताने परत जात नसे.

“आत्या, आपल्याइतकी शुद्ध फळं या पंचक्रोशीत कुणाकडे नाहीत,” ती कळवळून म्हणाली. “आणि आपणच लोकांना नाही म्हणायचं? ते काही नाही! यापुढे या दुकानातून कुणी रिकाम्या हाताने जाणार नाही.”

“रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक परत येतं, पोरी. त्याची मला कधी काळजी वाटली नाही,” आत्या म्हणाली आणि आवळे पुसायला लागली.

त्या वर्षी थंडी उशिरा पडली. संक्रांत आठ दिवसांवर आली, तरी पहाटे अंगावर पान ओढून घ्यावंसं वाटत नव्हतं. अशाच एका सकाळी वानरीण आपल्या पिलाला पोटाशी धरून दुकानात आली. पिलाची ती पहिलीच संक्रांत. पिलाला सजवून पाटावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून बोरं ओतायची आणि जमलेल्या पिलांनी ती वेचून खायची, असं बोरन्हाण त्या जंगलातही होत असे.

“खारताई, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पिलाचं बोरन्हाण करतेय,” वानरीण आत्याला म्हणाली. “सासूबाई पलीकडच्या डोंगरावरून येताहेत. टोपलीभर बोरं लागतील.”

पालथ्या टोपलीकडे दाखवण्यासाठी आत्याने पंजा उचलला. तेवढ्यात खार मध्येच बोलली, “मिळतील, काकू! चांगली काठोकाठ भरलेली टोपली मिळेल. तुम्ही निर्धास्त राहा.”

वानरीण खूश होऊन गेली. आत्याने विचारलं, “बोरी बघून आलीस का?”

“हिरवी आहेत अजून. पण आठ दिवस आहेत की! पेंढ्यात घालून ऊब दिली म्हणजे पिकतील.”

“यंदा थंडीला उशीर झालाय. रथसप्तमीच्या सुमारास होतील बोरं. बोरन्हाणही तोवर करता येतं. जा, तिला तसं सांगून ये.”

“आता कशी सांगू? एवढं शिकून आली आणि टोपलीभर बोरं देता आली नाहीत, असं म्हणतील सगळे.”

आत्याने हातातला आवळा टोपलीत ठेवला. मग म्हणाली, “शब्द तू दिलास. बोरंही तूच तोड. मी हात लावणार नाही.”

खारीने दिवसभर बोरीच्या काट्यांत शिरून बोरं तोडली. अंगावर ओरखडे उठले, पण तिचा उत्साह काही कमी झाला नाही. शेंड्यावर दोन बुलबुल बसले होते. त्यांतला एक खाली वाकून म्हणाला, “अगं ए, आम्हीसुद्धा अजून चोच लावली नाही या झाडाला!”

“तुम्हाला पेंढा कुठे वापरता येतो?” खारीने खालूनच उत्तर दिलं.

बोरं पेंढ्यात गेली. चौथ्या दिवशी तिने पेंढा बाजूला करून पाहिलं. बोरं होती तशीच हिरवी. ती हिरमुसून बसली असताना ओढ्यापलीकडे दुकान चालवणारा कोल्हा डोकावला.

“काय, रंग येत नाही वाटतं?” तो गोड आवाजात म्हणाला. “माझ्याकडे पूड आहे. चिमूटभर टाक, उद्या सकाळी अख्खी टोपली लालबुंद. खाणाऱ्याला काय कळतंय?”

खारीची शेपटी फुलली. “आमच्या दुकानात औषधाचा कणही येणार नाही! विष खाऊ घालायला मी सात डोंगर ओलांडून परत आले नाही. आधी इथून निघा!”

कोल्हा हसत हसत निघून गेला. खारीला मात्र स्वतःचा फार अभिमान वाटला. केवढा मोह आपण टाळला! त्या आनंदात ती आणखी नेटाने कामाला लागली. पेंढा बदलला, टोपली उन्हात सरकवली. सातव्या दिवशी बोरांवर थोडा पिवळट रंग चढला, तेव्हा तिने एकेक बोर पानाने पुसून चकचकीत केलं. पण एवढं सगळं करताना तिने ना एक बोर दाबून पाहिलं, ना एक चाखून पाहिलं.

बोरन्हाणाला सगळं जंगल लोटलं. वानरिणीच्या पिलाच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या होत्या, डोक्यावर पानांचा टोप होता. त्याला एका सपाट दगडावर बसवलं. भोवती सशाची, हरणाची, मुंगसाची पिलं वेचायला टपून बसली. पलीकडच्या डोंगरावरून आलेल्या म्हाताऱ्या आजीने कौतुकाने टोपली उचलली आणि पिलाच्या डोक्यावर ओतली.

टण्! टण्! टणाटण्!

पानांचा टोप उडाला. पिलाने असा टाहो फोडला की झाडावरचे पोपट उडाले. त्याच्या कपाळावर बघता बघता टेंगूळ आलं. इकडे पिलांनी बोरं तोंडात टाकली आणि तोंडं वेडीवाकडी करून थुंकली.

“ही बोरं आहेत की ओढ्यातले गोटे?” अस्वल गाल धरून ओरडलं. “माझी दाढ हलली की!”

“असं कसं म्हणता, अस्वलराव?” झुडपाआडून कोल्ह्याचा आवाज आला. “शुद्ध आहेत हो, अगदी शुद्ध!”

सगळे खो खो हसले. वानरीण हसली नाही. पिलाला छातीशी घेऊन ती खारीजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी लहानपणापासून तुमच्या दुकानातून फळं नेते. कधी चाखून नेली नाहीत. आजही चाखली नाहीत. तुम्ही दिलीत म्हणून तशीच पिलाच्या डोक्यावर ओतली.”

खारीने विखुरलेली बोरं टोपलीत गोळा केली आणि खाली मान घालून ती दुकानात परतली. दुपारी सशीण आवळे न्यायला आली. तिने एक आवळा उचलला, हुंगला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दात लावून बघितला. मगच टोपलीतून चार आवळे घेतले. आवळे उत्तम होते. पण आत्याच्या दुकानात फळ चाखून घेण्याची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. ते खारीने पाहिलं आणि आत्यानेही पाहिलं.

सशीण गेल्यावर खारीला रडू कोसळलं. “आत्या, मी काहीच वाईट केलं नव्हतं गं. औषध लावलं नाही, पूड टाकली नाही.”

“चल माझ्याबरोबर,” आत्या म्हणाली.

ऊन उतरत होतं. दोघी बोरीपाशी गेल्या. आत्याने एक फांदी खाली ओढली. “हे बोर दाब.”

“घट्ट आहे.”

“तू पेंढ्यात घातलेलं कसं होतं?”

“दाबून पाहिलंच नाही,” खार पुटपुटली.

आत्या तिच्याजवळ बसली. “मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा मी अस्वलाच्या आजोबांना कच्चं कवठ दिलं होतं. पिकलेलं आहे म्हणून छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी ते फोडलं, चाखलं आणि तिथूनच मला फेकून मारलं. ही बघ खूण.” तिने कानामागचे केस बाजूला केले. “महिनाभर ते फिरकले नाहीत. तेव्हा तुझ्या आजोबांनी पहिल्यांदा टोपली पालथी घातली. ती पद्धत माझ्यामुळे सुरू झाली, पोरी.”

खारीने डोळे पुसले. खुणेकडे पाहून तिला हसूही आलं. “मग ते परत आले?”

“आले. कवठाची टोपली सरळ दिसली, त्या दिवशी आले. ती पालथी असताना मी काही पुढे केलं नाही, हे महिनाभर लांबून बघत होते.” आत्याने फांदी सोडली. “औषध लावलं नाहीस, ते योग्यच केलंस. ते कधी सोडू नकोस. पण झाडावर औषध न मारणं आपल्या हातात आहे. थंडी पाडणं आपल्या हातात नाही.”

“वानरकाकू येतील का परत?”

“ते मला नाही सांगता येणार,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार आत्याच्या आधी उठली. आदल्या दिवशीची उरलेली बोरं तिने टोपलीतून काढून टाकली आणि पाण्यावर निघालेली हरणं, ससे, मुंगसं बघत असताना सगळ्यांसमोर टोपली पालथी घातली. मग ती बोरीवर चढली, बोरं लगडलेली एक छोटी डहाळी कुरतडून आणली आणि त्या पालथ्या टोपलीवर ठेवली. हे मात्र आजोबांच्या पद्धतीत नव्हतं. आत्याने भुवया उंचावल्या आणि आवळे पुसायला घेतले.

तिथून खार थेट वानरांच्या वडाखाली गेली. अख्खी टोळी फांद्यांवर बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“काकू, कालची चूक माझी होती. आज आमच्याकडे बोरं नाहीत. उद्याही नसतील. पण मी रोज सकाळी झाडावरची ताजी डहाळी टोपलीवर ठेवीन. ज्याला हवं त्याने बोर स्वतः दाबून बघावं. बुलबुलांनी चोच लावली आणि तुमचा अंगठा बोरात रुतला, की त्या दिवशी मी टोपली सरळ करीन. रथसप्तमीच्या आत तसं झालं, तर पहिली टोपली तुमच्या पिलाची. नाही झालं, तर नाही म्हणून सांगायलाही मीच येईन.”

वानरिणीने पिलाच्या कपाळावरचं टेंगूळ कुरवाळलं. शेवटी म्हातारी आजी कण्हत खाली उतरली. “चल गं सूनबाई,” ती म्हणाली, “बघून तर येऊ पोरीची डहाळी. मी काही रथसप्तमीशिवाय परत जात नाही आता.”

पिलाला घेऊन तिघी उंबराखाली आल्या. वानरिणीने डहाळीवरचं एक बोर अंगठ्याने दाबलं.

“कडक आहे.”

“हो काकू,” खार म्हणाली. “आज बोरं नाहीत.”

“बरं. उद्या बघते,” वानरीण म्हणाली आणि टोपलीतला एक पेरू तिने पिलासाठी उचलला. न चाखता.

तेवढ्यात पिलू आईच्या हातातून सुटलं, कपाळावरच्या टेंगळासकट पालथ्या टोपलीवर चढलं आणि दोन्ही हातांनी ती ढोलकीसारखी बडवायला लागलं.

तात्पर्य : फळाला औषधापासून जपलं, तसंच आपल्या घाईपासूनही जपावं लागतं. ज्याची वेळ झालेली नाही ते “अजून नाही” असं जो स्वच्छ सांगतो, त्याच्याच “आहे” या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.