पंख्याचे पाहुणे

खूप वर्षांपूर्वी हिराजी तांडेलाची होडी पावसाळाभर खाडीत नांगरलेली होती. इंजिन चाललं की पाणी मागे सारून तिला पुढे नेणारा तिचा पंखा पाण्याखाली नुसता पडून होता.

एक दिवस एक इवलीशी शिंपली आली. "तू फिरत नाहीस तोवर बसू का?" एकट्या पंख्याला बरं वाटलं. मग तिचं सगळं गणगोत आलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओहोटीला होडी उघडी पडली. हिराजीचा भाऊ पटाशी घेऊन वाकला. "दादा, पंखा खरवडायला हवा."

"पाण्याखालचं कोण बघतंय? आधी पुढच्या टोकाला, नाळेला रंग दे. उद्या अख्खा गाव येईल पूजेला."

खरवडणं दुखलं असतं, म्हणून पंखाही गप्प राहिला.

पुढच्याच आठवड्यात भर दर्यात वारा फिरला आणि होडी खडकांकडे ओढली जाऊ लागली. इंजिन धडधडत होतं, पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण पाणी काही मागे सरेना.

"आता तरी उठा," तो शिंपल्यांना म्हणाला.

"आम्हाला बसता येतं," पहिली शिंपली म्हणाली, "उठता येत नाही."

भाऊ एकटाच पोहत किनाऱ्याला लागला.

होडी अजून तळाशी आहे. नाळेचा रंग आता दिसत नाही. तिथेही शिंपल्या बसल्या आहेत.