टिटवीपाशी पडलेलं वळण

घड्याळांना नुकतीच वाट दाखवता येऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. शर्वरी डोंगरात सायकल चालवायची. तिच्या मनगटावरचं नवं घड्याळ नकाशावरची रेघ कधी सोडू देत नसे.

एकदा माळावर एक टिटवी ओरडत आडवी आली. "थांब गं बाई, पुढे माझी अंडी आहेत!"

"नकाशात अंडी नाहीत. सरळ चला," घड्याळ म्हणालं.

"अरे बाळा, नकाशात सगळं असतं होय?" जुनी सायकल कुरकुरली.

टिटवीचा आकांत ऐकून शर्वरीने करकचून ब्रेक लावला. चाकापासून वीतभर अंतरावर, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. तिने सायकल उचलली आणि गवतातून लांबचा वळसा घेतला.

"वाट चुकली, वाट चुकली!" घड्याळ थरथरलं. मागे टिटवी हळूच अंड्यांवर बसली. घड्याळाने ते पाहिलं.

"सायकलआजी, हे वळण मला ठाऊकच नव्हतं," घड्याळ म्हणालं.

"आता झालं ना ठाऊक? मग जपून ठेव."

पुढच्या रविवारी माळ यायच्या आधीच घड्याळ हलकेच थरथरलं. "इथून वळा. पुढे टिटवीचं घर आहे."

त्या दिवशी टिटवीला ओरडावं लागलं नाही.