वाळवीबाईंचा निकाल

फार पूर्वी, पाखरांना पदवीवाचून घरटं मिळत नसे त्या काळी, माळावरच्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी कवितेचा पुरस्कार ठेवला. परीक्षक म्हणून वाळवीबाईंना बोलावलं. ग्रंथालयातले कवितासंग्रह त्यांच्याइतके कुणीच संपवले नव्हते.

साळुंकीने गेलेल्या आईवर वर्षभर खपून एक कविता रचली. घरात दुसरा कागद नव्हता, म्हणून गुळाच्या पुडीच्या कागदावर लिहून दिली.

साळुंकी पहिली आली. कुलगुरू कासवाने समारंभात वाचायला कविता मागितली, तेव्हा वाळवीबाई म्हणाल्या, "ती शिल्लक नाही. बाकीच्या सगळ्या आहेत."

साळुंकीला कविता तोंडपाठ होती. तिने ती मंचावर म्हटली. शेवटच्या ओळीला कासवाने मान आत ओढून घेतली.

वाळवीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ही नव्हे, बाळ," त्या म्हणाल्या. "ती गोड होती."

निकाल फिरवायची पद्धत नव्हती, म्हणून पुरस्कार साळुंकीलाच मिळाला.

पुढच्या वर्षी स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा कविता कुणीच लिहीत नव्हतं. सगळे गुळाचे कागद गोळा करत होते. सगळ्यांत जास्त साळुंकीकडे होते.