होडतळ्याचा कोरडा बांध

मोरवेळच्या खाडीकाठी जळाईचे देऊळ आहे. देवळाच्या खाली, उतारावर एक लहानसे तळे आहे. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये पोटाशी फुगलेले, अगदी होडीच्या घडणीचे. गावात त्याला होडतळे म्हणतात. पंचवीस पावलांवर खाडीचे खारे पाणी, आणि या तळ्याचे पाणी मात्र शहाळ्यासारखे गोड. देवळातल्या गुरवीणकाकू आलेल्या पाहुण्याला आधी काही सांगत बसत नाहीत. त्याला खालच्या अंगाला नेतात आणि म्हणतात, "बांधाक हात लावून बघा." उतारावरचे तळे, म्हणजे खालचा बांध ओला असायला हवा. तो हाताला कोरडा लागतो. मग काकू पायरीवर टेकतात, पदर सारखा करतात आणि आवडी नावाच्या सुतारणीची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा मोरवेळला धाकू मेस्त नावाचा होड्या बांधणारा सुतार होता. आवडी ही त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. पहिल्याच दिवशी तिच्या हातून भात करपला. सासूने ताट सरकवले आणि म्हणाली, "माहेरी चूल नव्हती काय गो?" धाकूने मात्र तोच करपलेला भात मागून मागून खाल्ला. "भात बरो झालो, आये," तो खाली मान घालून म्हणाला, "नवा लाकूड आसा. पाणी पिऊंदे तेका." आवडीला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पण करपलेल्या भाताला कोणी चांगले म्हणाले, एवढे कळले, आणि ते तिने जन्मभर जपले.

अर्थ तिला पुढे नवऱ्याच्या होड्या बांधायच्या मांडवात कळला. नवी होडी पाण्यात घातली की पहिले दोन-तीन दिवस थोडे पाणी आत घेते. फळ्या तहानलेल्या असतात. त्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात, आणि मग सांध्यातून मुंगीसुद्धा जायची नाही. ज्याने हाताने होडी घडवली त्याला हे ठाऊक. घेणाऱ्याला नसते.

मूलबाळ त्यांना झाले नाही. दोघांचे केस पांढरे झाले, आणि त्या सुमाराला धाकूने एक होडी हातात घेतली. बंदरावरच्या हरबा नाखव्याने ती बांधायला सांगितली होती. असे सांगतात की फणसाचे लाकूड त्याने स्वतः रानात जाऊन, झाडाला हात जोडून निवडले. दोन वर्षे तासले. एक खिळा मारला नाही. सगळ्या फळ्या काथ्याने शिवल्या, सांधे कापूस आणि राळ घालून भरले, अंगाला उंडीचे तेल चोळले. आवडी म्हणायची, "एवढा तेल माका कधी लावलात नाय." धाकू हसायचा. त्याला ठाऊक होते, हात आता थरथरतात, ही आपली शेवटची होडी.

पुनवेच्या भरतीला हरबा नाखवा आपली माणसे घेऊन आला. होडी पाण्यात गेली. घटकाभरात तळाशी ओंजळभर पाणी दिसले.

"मेस्तानू," नाखवा मोठ्याने म्हणाला, "होडी केल्यात काय चाळण?"

सगळे हसले.

"लाकूड तानलेला आसा, नाखवानू. तीन दीस पाणी पिऊंदे, मगे बघा."

"माका थांबाक येळ नाय. उद्याची भरती गाठूची आसा."

दुसऱ्या दिवशी त्याने बंदरावरून डांबर फासलेली, काळीभोर चकचकीत होडी आणली. तिचे सांधे कुठे आहेत हेच कोणाला दिसत नव्हते, म्हणून ती सगळ्यांना आवडली. धाकूची होडी आपल्या होड्यांच्या वाटेत नको म्हणून नाखव्याच्या माणसांनी ती ओढत देवळाखालच्या उतारावर नेऊन ठेवली. तिथे भरती पोचत नाही.

उन्हात होडी वाळू लागली. वाळली तशा फळ्यांमध्ये भेगा पडल्या. पलीकडच्या गावचे एक गिऱ्हाईक आले, त्याने भेगेत करंगळी घालून बघितली आणि करंगळी सगळ्यांना दाखवत परत गेला. आणखी एक आला, तो तर हात न लावताच म्हणाला, "हिच्यावर रंग नाय, तोंडावर डोळे रंगवलेले नाय. ही कसली होडी?" होडी परत पाण्यात न्यायला वीस माणसे लागतात, आणि ती धाकूने हाक मारूनही आली नाहीत. एके दिवशी त्याने लाकूड तासायचा वाकस धुऊन पुसून कोनाड्यात ठेवला आणि अंथरूण धरले.

आवडी व्रतावैकल्याची बाई. सोमवार, चतुर्थी, जळाईची आठवण कधी चुकली नाही. ती देवीपुढे बसली आणि बोलली, "आई, ही होडी पाणी धरीपर्यंत मी पाण्याचो थेंब घेवचंय नाय. होडीपर्यंत पाणी येणा नाय, तर मी पाणी होडीपर्यंत नेतंय."

गावाची बाव, म्हणजे विहीर, अर्ध्या कोसावर. उजाडल्यापासून आवडी कळशी भरून आणी आणि होडीत ओती. पहिल्या दिवशी ओतलेले सगळे सांध्यातून धारांनी खाली जाई. उतारावर ओहोळ झाला. बावीवरच्या बाया म्हणाल्या, "आवडे, वाळूत माड लायलंस काय गो?" ती म्हणाली, "व्हय गो, नारळ लागले काय तुमका देतंय." आणि कळशी उचलून चालू लागली.

संध्याकाळी ती घरी आली. ओठ सुकलेले. धाकूने अंथरुणातून विचारले, "थेंब पडता काय गो?"

आवडी व्रतात होती. व्रतात खोटे बोलू नये, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिच्या डोळ्यांसमोर सगळ्या सांध्यांतून वाहणाऱ्या धारा होत्या.

"नाय," ती म्हणाली.

धाकूने आयुष्यभर होड्या बांधल्या होत्या. वाळलेले लाकूड पहिल्या दिवशी पाणी धरत नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? पण तो हसला आणि म्हणाला, "बरा झाला." करपलेला भात खाताना जसा म्हणाला होता, तसाच, असे सांगतात. आवडीने मनातल्या मनात देवीला हात जोडले: पाप माझे आहे, होडीला लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी धारा बारीक झाल्या, पण थांबल्या नाहीत. दिवेलागणीला तिने धाकूच्या कपाळावर हात ठेवला, तर कपाळ तापलेले. त्याने पुन्हा विचारले, आणि ती पुन्हा "नाय" म्हणाली. यावेळी त्याने फक्त तिचा हात धरून ठेवला. कळशी धरून हाताला फोड आले होते, त्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी होडी काठोकाठ भरली. आवडी खाली वाकली. होडीच्या पोटाखाली तिने तळवा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तळवा कोरडा. पुन्हा फिरवला. कोरडा.

ती कळशी तिथेच टाकून धावत सुटली. दारातूनच म्हणाली, "आयकलात? खराच पडणा नाय हां! आता खराच पडणा नाय!"

धाकूने काही विचारले नाही. विचारणारा गेला होता.

असे म्हणतात की आवडीने त्याच्या तोंडात घातलेले शेवटचे पाणी त्या होडीतलेच. व्रत फळले होते, पण पारण्याचा पहिला घोट तिने त्यालाच दिला.

पुढे ती होडी कोणी मागितली नाही आणि तिने कोणाला दिली नाही. लाकूड वाळू नये म्हणून रोज एक कळशी मात्र नेऊन ओतायची. तिसऱ्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. गावची बाव खारी झाली. उतारावरच्या होडीतले पाणी मात्र उन्हाने एक बोटही उतरले नव्हते, आणि गोड होते. बाया कळशा घेऊन आल्या. माड लावलास काय, म्हणणाऱ्याही आल्या. सगळ्यांच्या शेवटी हरबा नाखवा आला. त्याच्या चकचकीत होडीचा तळ दोन पावसाळ्यांतच गेला होता. तो खाली बसला, होडीच्या पोटाखाली हात फिरवला आणि कितीतरी वेळ आपल्या कोरड्या तळव्याकडे बघत राहिला.

"वयनी," तो म्हणाला, "तीनच दीस मागलेले मेस्तान."

आवडीने त्याची कळशी भरली. "सावकाश पिया, नाखवानू," म्हणाली. "आणि हेच्यापुढे नव्या होडीक तीन दीस कोणी नावां ठेवू नुको. घरात नवी सून इली, तर तिकाय."

तेवढेच तिचे मागणे. पुढे आवडी गेली, लाकूडही मातीला मिळाले. पण पाणी जिथे होते तिथेच राहिले, होडीच्या आकारात.

आजही मोरवेळला नवी होडी झाली की पाण्यात घालण्याआधी होडतळ्याच्या तीन कळशा तिच्यात ओततात. गावात नवी सून आली असेल तर ओतायचा मान तिचा. गावातली सर्वांत वयस्कर बाई विचारते, "थेंब पडता काय गो?" पहिलाच दिवस असतो. सांध्यांतून धारा लागलेल्या असतात, सगळ्यांचे पाय भिजतात. आणि काठावरच्या सगळ्या बाया एका सुरात म्हणतात, "नाय."

हे खोटे आहे असे मोरवेळला कोणी मानत नाही. गुरवीणकाकू म्हणतात, "खोटा कसा? तीन दिवसांनी देवी ता खरा करता."