चालणारे यंत्र

एकदा एक कपडे धुण्याचे यंत्र घरातल्या घरात चालत निघाले. ही अतिशयोक्ती नव्हे. ज्यांनी ते पाहिले त्यांनी मला शपथेवर सांगितले, आणि पुढचे ऐकून माझ्याही अंगावर काटा आला.

निराधार वृद्धांचा एक आश्रम होता. तो चालवणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. कष्टाळू, नेटका, कुणाचे उपकार न घेणारा. काही महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले. तो गावी जाऊन सगळे विधी करून आला, आला तसा बाह्या सरसावून कामाला लागला. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, काय खंबीर मुलगा आहे. तात्या मात्र त्याच्यावर लक्ष ठेवून होते.

पुढे एका व्यापाऱ्याने आश्रमाला ते यंत्र दान दिले. दुकानातून जोडणी करणारा माणूस येणार होता. शिष्याने त्याला परस्पर नको म्हणून कळवले. नळी लावायची आणि पिन खोचायची, त्याला बाहेरचा माणूस कशाला? त्याने दोन्ही केले. नव्या वस्तूचे प्लास्टिक काढायचे नाही ही आपली रीत, तीही त्याने पाळली.

यंत्र धुवायचे छान, पण पिळायला लागले की थरथरत पुढे सरकायचे. शिष्याने त्याच्यावर पाटा ठेवला. पाटा खाली पडला. मग त्याने यंत्र दोरखंडाने खिडकीच्या गजांना बांधले.

एके दिवशी दुपारी दोरखंड तुटला. यंत्र खडखडत समोरच्या न्हाणीघराच्या दाराला जाऊन भिडले. आत कुणी पडले तर दार अडू नये म्हणून तात्यांनी ते मुद्दाम बाहेर उघडणारे करून घेतले होते, आणि नेमके तेच आता बाहेरून अडले. आत यमूताई होत्या, वय झालेल्या, गुडघ्यांनी अधू. यंत्राची नळी निसटून पाणी दाराखालून आत शिरले. त्या घाबरून हाका मारू लागल्या.

शिष्य धावत आला. त्याने बटण बंद केले, यंत्र मागे ओढले, दार उघडले. थरथर कापणाऱ्या त्या म्हातारीवर तो ओरडला, "याच वेळेला मरायला कशाला गेलात आत?"

सगळे जागच्या जागी थिजले. यंत्र चालत गेले याचा धक्का त्या वाक्यापुढे काहीच नव्हता. या मुलाच्या तोंडून असे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. यमूताई ओल्या लुगड्यानिशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आणि तो? तो साखळी शोधायला निघाला.

"साखळी राहू दे," तात्या म्हणाले. "पाना आण."

पाना आला. तात्या यंत्रामागे वाकले, प्लास्टिक फाडले आणि पाठीवरचे जाड बोल्ट काढू लागले.

शिष्य हबकला. "तात्या, अहो, आधीच ते पळतंय. घट्ट आहे तेवढंही सैल करताय?"

तात्यांनी सगळे बोल्ट काढले, यंत्र जागेवर ढकलायला लावले, नळी बसवून ओल्या चादरी आत घातल्या. मग शिष्याला म्हणाले, "आता तू न्हाणीघरात जा. दार लावून घे."

"मी?"

"मघाशी यमूताई होत्या. आता तू."

तो आत गेला. यंत्र सुरू झाले. पिळण्याची घरघर वाढू लागली. आता धडकेल, मग धडकेल, म्हणून त्याने दोन्ही हातांनी दार रेटून धरले. पण यंत्र जागचे हलले नाही.

बाहेरून तात्यांचा आवाज आला. "हे बोल्ट प्रवासापुरते असतात रे. वाटेत आतला ड्रम आदळू नये म्हणून. घरी आल्यावर काढायचे असतात. आतल्याला डुलू दिलं की बाहेरचं धड स्थिर उभं राहतं. आतल्याला आवळून ठेवलं की सगळं यंत्रच उठून दुसऱ्याच्या दारावर जातं. गावी तू स्वतःला आवळलंस, ते योग्यच केलंस. तिथे आईला सावरायचं होतं. पण बाळा, तू घरी येऊन किती दिवस झाले?"

यंत्र थांबले. मग न्हाणीघरातून रडण्याचा आवाज आला. आधी दबलेला, मग लहान मुलासारखा मोकळा.

कुणीतरी काळजीने दार ठोठावायला पुढे झाले. यमूताईंनी त्याचा हात धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "त्याचं होऊ द्या सावकाश. दार काही अडलेलं नाही."

त्या लुगडे बदलून आल्या आणि तो बाहेर येईपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसून राहिल्या.

आपण कुणावर उगाच ओरडलो, तर आपले कोणते बोल्ट काढायचे राहिले आहेत ते एकदा पाहावे.