लेप लावून घेतलेला पत्रा

ट्रकचे भाग आणि अवजारं अजून माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हैबती नावाच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, त्याच्या पायाखाली, एक पत्रा होता. गंजून त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. म्हणून हैबतीने संरक्षक लेपाचा डबा आणला आणि अंगणातच काम काढलं.

तारेचा ब्रश दोनदा फिरला तोच पत्रा किंचाळला, "मला सोलताय काय? वरून लेप द्या, झालं!"

"आतला गंज तसाच राहील," ब्रश म्हणाला.

"राहू दे. दिसणार आहे कुणाला?"

हैबतीलाही घासायचा कंटाळाच आला होता. त्याने गंजावरच काळाभोर लेप चोपडला. पत्रा असा चकाकला की क्लचच्या पेडलशी त्याने बोलणंच सोडलं. "तुम्हा झिजलेल्या मंडळींशी आमचं काय काम?"

लेपाखाली गंज निवांत पत्रा खात राहिला. पत्र्याला ते आतून कळत होतं, पण सांगितलं तर पुन्हा ब्रश येईल, म्हणून तो गप्प बसला.

एकदा घाट उतरताना हैबतीने पाय रोवून ब्रेक दाबला आणि त्याची टाच पत्र्यातून आरपार जाऊन पाय ब्रेकवरून सुटला. हँडब्रेक ओढल्यावर ट्रक कठड्याला घासत कसाबसा थांबला, म्हणून हैबती वाचला.

गॅरेजवाल्याने पत्रा कापून भंगारात फेकला. तिथला एक पोचे आलेला डबा त्याला जागा द्यायला सरकला, तर पत्रा गुरकावला, "लांब हो. लेपाला ओरखडा पडेल."