न आलेल्यांची हजेरी

तालुक्याच्या एका गावी एकदा एका बाईची सहनशक्ती संपली.

तिचे नाव हेमलता शिंगटे. गावात दोन जिम होत्या, पण तिथल्या आरशांसमोर दंड फुगवून उभी असलेली तरुण मंडळी पाहूनच बायका उंबऱ्यावरून परतत. म्हणून हेमलताने धान्याचे एक जुने गोदाम घेतले, भिंतींना चुना दिला, चार यंत्रे आणि पुष्कळशी वजने आणली आणि दारावर लिहिले : सर्व वयाच्या, सर्व थरांतल्या स्त्रियांसाठी. गाव त्या शब्दाला जागले. सर्व वयाच्या आणि सर्व थरांतल्या स्त्रिया आल्या, आणि सर्व प्रकारचा वैताग बरोबर घेऊन आल्या.

निर्मला शेटे ट्रेडमिलवर उभ्या राहत, तो सुरू मात्र करीत नसत. तिथून सगळ्यांशी बोलायला सोयीचे पडे. पंखा एकीला हवा असे, दुसरीला सोसत नसे. मुमताज आत्तार यांचे अर्धा किलो वजन उतरले, त्या आनंदात त्यांनी डबाभर बेसनाचे लाडू वाटले आणि सर्वांनी ते वजनकाट्याशेजारी उभे राहूनच खाल्ले. तोंडात लाडू असतानाच एकीने हेमलताला विचारले, "ताई, तीन महिने झाले, पोट का नाही हो उतरत?"

हेमलताने दात-ओठ खात तेही सोसले. पण एके सकाळी ती बैठका शिकवीत होती. "पाठ सरळ, खाली, थांबा," असे म्हणून तिने वळून पाहिले, तर आठजणी खाली गेल्या होत्या आणि तिथेच, अर्धवट बसल्या अवस्थेत, कुणाच्या तरी नणंदेच्या साखरपुड्याविषयी बोलत होत्या.

"ही व्यायामशाळा आहे की पाणवठा?" ती ओरडली.

त्याच दुपारी तिने एक मोठा फळा रंगवून भिंतीवर टांगला. अकरा नियम होते. पहिला, बोलणे बंद. दुसरा, खाद्यपदार्थ आणू नयेत. तिसरा, बुटांशिवाय प्रवेश नाही. पुढचे आठ साधारण त्याच सुरातले.

गोदामात शांतता नांदू लागली. यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येई. मात्र दोन महिन्यांत पटावरच्या अडतीस बायकांतल्या जेमतेम वीस उरल्या आणि हेमलताचा संताप दुपटीने वाढला. बोलू द्यावे तर व्यायाम होत नाही, बोलू न द्यावे तर बायका येतच नाहीत. करावे तरी काय यांचे?

अखेर ती आपल्या गुरूंकडे गेली. सारे गाव त्यांना वस्ताद म्हणे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या तालमीत शिकलेली ती एकुलती एक मुलगी. आता वस्तादांनी चौऱ्याऐंशी ओलांडली होती, तरी त्यांच्यासमोर मोठमोठे पैलवान अजून मान खाली घालून उभे राहत.

"वस्ताद, तुम्ही एकदा येऊन या बायकांना शिस्तीवर चार शब्द सांगा," ती म्हणाली. "माझं कुणी ऐकत नाही."

"सोमवारी येतो," वस्ताद म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेसहाला ते काठी टेकीत आले. वीस बायका रांगेत उभ्या होत्या. वस्तादांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला, खुर्चीवर बसले आणि हात पुढे केला.

"हजेरीपट दे. पेन दे."

समोर उभ्या असलेल्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. न आलेल्यांच्या नावांवर बोट ठेवून ते वाचू लागले.

"शेवंता गुरव?"

कुणी तोंड उघडेना.

"बोला की. मी विचारतोय ना."

निर्मलाताईंनी फळ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, "तिच्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. सकाळचं त्यांचं सगळं तिलाच करावं लागतं."

वस्तादांनी नावापुढे लिहिले : हजर.

"पुष्पा ओसवाल?"

"मुलीची दहावी आहे. शिकवणी सकाळची. ही तिला सोडायला जाते."

हजर.

"रोहिणी खिलारे?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबले. "ती ताईंवर रागावलीय. तोंड चालतं तेवढे पाय चालव, असं ताई तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या."

हेमलताचे कान तापले. वस्तादांनी तिच्याकडे न पाहता लिहिले : हजर.

आता मात्र तिला राहवेना. "वस्ताद, हे काय चाललंय? न आलेल्या बायकांना हजर लावताय! मी तुम्हाला शिस्त लावायला बोलावलं होतं."

"थांब, पोरी. यादी संपायची आहे."

एकामागून एक सतरा नावे झाली. कुणाचे बाळंतपण, कुणाची पाठ, कुणाचा नवरा बदलीच्या गावाहून आलेला. बायकांना सारे ठाऊक होते, आणि सतराही जणी हजर लागल्या.

"अंजिरा वायदंडे?"

या वेळी फळ्याकडे कुणी पाहिले नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"ती उंच, पांढऱ्या केसांची का?" मुमताज आत्तार म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या सायकलवर बसायची ती?"

"कुठं राहते?" वस्तादांनी विचारले. "का येत नाही?"

कुणालाच सांगता येईना. वस्तादांनी हेमलताकडे पाहिले. तिला एवढेच आठवले की ही बाई पहिल्या दिवशी चपला घालून आली होती, आणि आपण काही न बोलता फळ्यावरच्या तिसऱ्या नियमावर बोट ठेवले होते. दुसऱ्या दिवसापासून ती बूट घालून येऊ लागली. पुढे केव्हा येईनाशी झाली ते कागदावर होते : तीन आठवड्यांपूर्वी.

वस्तादांनी त्या एका नावापुढे लिहिले, गैरहजर. मग हजेरीपट मिटला.

"माझ्या तालमीत पोरं खोकायलाही भीत, असं लोक सांगतात," ते म्हणाले. "आखाड्यात भीतच होती. पण कुस्ती झाली की विहिरीवर माती धुताना तासभर कुणाचं तोंड मिटत नसे, आणि मी ते कधी मिटवलं नाही. कोण घरी उपाशी आहे, कोण खांद्याची दुखापत लपवतोय, ते मला तिथंच कळायचं. या सतराजणींची खबर इथं कुणाला ना कुणाला आहे. त्या घरी बसल्या तरी इथल्याच आहेत, सवड झाली की येतील. पण ही एक निघून गेली आणि ते कळलंसुद्धा नाही कुणाला. तुझ्या फळ्यानंतर आलेली एवढी हीच ना?"

हेमलताने मान डोलावली.

"बाकीच्यांच्या ओळखी त्याच्या आधीच्या. शिस्त हवीच, पोरी. तिनं अंग घडतं. पण माणूस धरून ठेवायचं काम तिचं नव्हे, त्याला विचारपूसच लागते. आता पत्ता काढ आणि जा."

"आत्ता? बॅच चालू आहे!"

"बॅच मी बघतो."

पत्ता प्रवेश-अर्जावर होता. हेमलता स्कूटर काढून निघाली ती धुसफुसतच. यंत्रांना तेलपाणी करा, पंख्याची भांडणे मिटवा, आणि आता घरोघर हिंडून चौकशाही करा! जिम नव्हे, उभ्या गावाचा संसारच गळ्यात पडला होता.

तेलघाण्यामागच्या एका खोलीच्या दारात अंजिराबाई मेथी निवडीत बसल्या होत्या. हेमलताला पाहून त्या धडपडत उठू लागल्या.

"मॅडम, रागावू नका. बुटांशिवाय घेत नाहीत म्हणून आले नाही. बूट जात नाही आता पायात." बोलता बोलता त्यांनी उजवा पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"बघू," हेमलता म्हणाली.

पायाला जुन्या कापडाची चिंधी होती. ती सोडली तेव्हा करंगळीच्या बुडाशी जखम दिसली. कडा काळवंडल्या होत्या.

"अहो, हे दुखत नाही?"

"नाही ना. दुखलं असतं तर काढले नसते का बूट? सुनेचे जुने होते, एक नंबर लहान. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं."

"साखर आहे तुम्हाला?"

"बारा वर्षं झाली."

हेमलताला एकदम संताप आला. "मग मला सांगायचं नाही का? रोज तुमच्यासमोर तर उभी होते मी!"

अंजिराबाई गोंधळून तिच्याकडे पाहत राहिल्या. "तिथं बोलायचं नाही असं लिहिलंय ना, मॅडम."

हेमलताने त्यांना हाताला धरून स्कूटरवर बसवले आणि थेट दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी जखम नीट तपासली. "आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर बोट काढावं लागलं असतं. आता वाचेल. पण महिनाभर या पायावर भार नको," ते म्हणाले आणि दोघींना मलमपट्टीसाठी बाहेर थांबायला सांगितले.

दोघी बाकावर बसल्या. मग हेमलताने विचारले, "अंजिराबाई, घरी कोण कोण असतं?"

"आता कुणी नाही. पोराची इथं नोकरी होती म्हणून गाव सोडून आले, तर चार महिन्यांत त्याचीच बदली झाली. तिकडं दोघं एका खोलीत राहतात, मी कुठं जाऊ? इथं मला दूधवाला तेवढा ओळखतो. गावाला तसं नव्हतं. वीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली मी. दोनशे पोरं. एकदा तर काय झालं, पोरं पंगतीला बसलेली, मी भात उतरवायला वाकले, आणि चुलीमागून ही एवढी धामण..."

"अंजिरा वायदंडे!" आतून पुकारा झाला.

"राहिलेलं मागाहून सांगते," अंजिराबाई उठत म्हणाल्या.

"मागाहून नको," हेमलता म्हणाली. "उद्या साडेसहाला मी तुम्हाला न्यायला येते. पाय खुर्चीवर ठेवायचा आणि हातांचा व्यायाम करायचा. तो झाला की धामणीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना सांगायचं."

"माझं कोण ऐकणार हो?"

"निर्मलाताई ऐकतील. त्यांना ट्रेडमिलवरून उतरवायला काहीतरी कारण हवंच आहे मला."

अंजिराबाई हसल्या आणि परिचारिकेचा हात धरून आत गेल्या. हेमलता बाकावर एकटीच उरली. घरी कोण कोण असतं, हा साधा प्रश्न आपण आजवर किती जणींना विचारला, हे ती आठवू लागली.

फार वेळ आठवावे लागले नाही.